जत्रेच्या पंचांगावरचे पैलवान

कुस्तीचा इतिहास सांगायला बसलेला माणूस हमखास दरबारापासून सुरुवात करतो. कोल्हापूरचे शाहू महाराज, बडोद्याचे सयाजीराव, उत्तरेत पतियाळा आणि दतिया अशी नावे क्रमाने येतात आणि शेवटी निष्कर्ष ठरलेला असतो: राजे होते तोवर पैलवान होते, संस्थाने गेली आणि तांबड्या मातीची रया गेली. ही मांडणी कोल्हापुरात उभे राहून केली तर पटण्यासारखी आहे. पण ती सेनगावात उभे राहून तपासावी. सेनगाव आज हिंगोली जिल्ह्यातला एक तालुका आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा सगळा मुलूख निजामाच्या परभणी जिल्ह्यात, हिंगोली तालुक्यात मोडत होता. जवळून कयाधू वाहते. उत्तरेला थोडे गेले की रिसोड, म्हणजे वऱ्हाड, आणि वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. १९०२ साली निजामाने तो कायमच्या पट्ट्याने देऊन टाकला. राजधानी हैदराबाद शेकडो मैल दूर. जवळपास कुस्तीचा शौकीन राजा नाही, सरकारी तालीम नाही, रोजचा रतीब घालणारे खाते नाही. राजाश्रयाची गोष्ट पूर्ण खरी असती, तर या पट्ट्यात पैलवानकी रुजायलाच नको होती. पण पावसाळा सरला की इथल्या जत्राजत्रांतून कुस्त्यांची दंगल उभी राहायची, आणि तिच्यावर पोट भरणारी माणसे गावोगाव फिरायची. त्यांना पोसणारा राजा नव्हता. त्यांना जत्रेचे पंचांग पोसत होते, आणि ज्या अर्थाने अमेरिकेतला बेसबॉलचा खेळाडू त्याच काळात व्यावसायिक होता, त्याच अर्थाने हा पैलवानही व्यावसायिक होता, असे माझे म्हणणे आहे.

व्यावसायिक खेळाला हंगाम लागतो. खेळ रोज चालत नाही. ठरलेल्या काळात, ठरलेल्या ठिकाणी, पैसे खर्चायला तयार असलेल्या गर्दीपुढे चालतो. अमेरिकेतल्या दोन मोठ्या बेसबॉल संघटनांनी १९०४ पासून प्रत्येक संघाचे १५४ सामने ठरवून टाकले होते आणि त्यांचे वेळापत्रक हंगामाआधी छापले जायचे. इथले वेळापत्रक कुणी छापत नव्हते, कारण ते आधीच पंचांगात होते. नागपंचमीच्या आणि पोळ्याच्या करीच्या कुस्त्या म्हणजे गावातल्या पोरांची चाचणी. खरा हंगाम दसऱ्याला उघडायचा. मग कार्तिकातल्या जत्रा, मार्गशीर्षात नांदेडकडे माळेगावच्या खंडोबाची मोठी यात्रा, महाशिवरात्रीला औंढ्याचा नागनाथ, त्यानंतर चैत्रात गावोगावचे मारुती, भैरोबा, पीर. दर्ग्याचा उरूस चांद्र महिन्याने सरकत राहतो, त्यामुळे तो दरवर्षी या माळेत नवी जागा घ्यायचा. अक्षय तृतीयेपर्यंत हे चाले. पुढे पेरणीची लगबग आणि पाऊस. हौद चिखलाचा झाला की पैलवानाची कमाई बंद. हंगामाची ही लांबी देवाने ठरवलेली दिसते खरी, पण नीट पाहिले तर ती पिकाने ठरवलेली आहे. खरीप घरात येऊन हातात पैसा खुळखुळल्याशिवाय कुठल्याही गावाने मोठी जत्रा भरवलेली नाही.

पैशाचा हा भाग जरा तपशिलाने पाहिला पाहिजे, कारण सगळा वाद तिथेच आहे. जत्रेतल्या कुस्त्यांची बांधणी पायऱ्यांची असते. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या, मग आण्यांच्या, मग रुपयाच्या, आणि इनाम चढत चढत शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत. तिला रोख रक्कम, फेटा आणि बहुधा चांदीचे कडे. ही रक्कम पंच मंडळी वर्गणीतून जमवत. पाटील-देशमुख, व्यापारी, आडते आपापल्या नावाने भर घालत, आणि फडातच ओरडून ते जाहीर केले जाई. वर्गणी हा इथला प्रवेशकर. तिकीट दारात घेतले जात नव्हते, ते आठ दिवस आधी घरोघरी जाऊन वसूल केलेले असे, आणि ऐपतीप्रमाणे कमीजास्त. शिवाय जिंकलेला पैलवान फडाभोवती एक फेरी मारी आणि लोक त्याच्या हातावर दिडकी, आणा, चवली ठेवत. इनाम ही ठरलेली मजुरी, ही फेरी म्हणजे खेळ किती आवडला त्याचे बक्षीस. चांगली लढत देऊन हरलेल्यालाही काही मिळे. एवढी बारीक विभागणी ज्या पैशाची होते तो पैसा हौसेखातर उधळलेला नसतो. कुणाला किती दिले म्हणजे तो पुढच्या वर्षी पुन्हा येईल, याचा हिशेब त्यात आहे.

सेनगावच्या सरहद्दीवर या हिशेबाला आणखी एक पेच होता. निजामाच्या मुलखात हाली शिक्का चाले आणि वऱ्हाडात कलदार. साधारण ११६-११७ हाली रुपये मोडले की १०० कलदार मिळत. म्हणजे रिसोडच्या बाजूला जाहीर झालेले पाच रुपयांचे इनाम अलीकडे येता येता पावणेसहाच्या वर जाई. उलट अलीकडची गावे पाच रुपये म्हणाली तर ते हालीच. जत्रेत माल घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला सरहद्दीवर करोडगिरीचा नाका ओलांडताना जकात भरावी लागे. पैलवानाचा माल अंगातच असल्याने त्याला कुणी अडवत नव्हते. दोन नाण्यांच्या दोन मुलखांत मोकळेपणाने फिरणारा असा कारागीर दुसरा सांगणे अवघड आहे. आणि या दोन्ही मुलखांतला पैसा मुळात एकाच झाडाचा होता. हिंगोली ही कापसाची मोठी पेठ होती. सरकी काढण्याचा कारखानाही तिथे आला होता. वाशीम-अकोल्याकडे तर कापूस म्हणजेच नशीब. वेचणी दिवाळीनंतर, विक्री पौष-माघापर्यंत, आणि मोठी इनामे त्यानंतरच्या जत्रांना, हा क्रम योगायोगाचा नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात, ज्याला लोक छप्पनचा दुष्काळ म्हणत, मराठवाड्याची जी दैना झाली तिच्यात जत्राच उठल्या तर फड कुठून भरणार? राजाचा रतीब दुष्काळातही चालू राहू शकतो. पिकावर पोसलेला पैलवान पिकाबरोबरच उपाशी राहिला, आणि त्याला पोसत कोण होते याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

राजाश्रयाच्या बाजूने बोलणारा इथे म्हणेल की हिंगोलीला राजा नसला तरी फौज होती. आक्षेप रास्त आहे. हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी हिंगोलीत अनेक दशके होती, आणि हिंदी शिपायांच्या पलटणीत कुस्तीचा हौद असणे त्या काळी नेहमीचे होते. हिंगोलीचा सार्वजनिक दसरा १८५५ साली खाकीबाबांच्या मठाने सुरू केला असे मानले जाते. त्यातली रामलीला आणि रावणदहन हा रिवाज मराठी गावदसऱ्याचा नव्हे, उत्तरेकडचा आहे. छावणीत उत्तर हिंदुस्थानी शिपायांचा मोठा भरणा होता हे लक्षात घेतले तर हा धागा कुठून आला असावा याचा तर्क करता येतो. तेव्हा दसऱ्याच्या दंगलीला सुरुवातीला छावणीचा टेकू मिळाला असेल, हे मला मान्य आहे. पण १९०३ साली ही फौज हिंदी सैन्यात विरघळवली गेली आणि हिंगोलीची छावणी उठली. पगाराचा पैसा गेला, गिऱ्हाईक गेले, हौस करणारे साहेब गेले. दसरा मात्र गेला नाही. तो आजही भरतो आणि त्यात कुस्त्यांची दंगल असते. आश्रयदाता जाऊनही जी गोष्ट उभी राहते तिचा पाया आश्रयात नसतो. छावणीने दसरा मोठा केला असेल, पण त्याला तगवले कापूसपेठेने आणि भोवतालच्या सेनगाव, कळमनुरी, औंढा या बाजूच्या खेड्यांनी.

मग दरबाराने काय दिले? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. दरबाराने पैलवानाला शरीर दिले. दूध, तूप, बदाम, मटण, थंडाई, रोजच्या हजारो जोर-बैठका आणि ते करून घेणारा वस्ताद, हे सगळे शेतमजुराच्या घरात होत नाही. ही व्यवस्था जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, ज्याच्या राज्यात हा मराठवाडा होता, त्याने बाराव्या शतकात लिहिलेल्या ‘मानसोल्लासा’त मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे, मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक आणि गोवल असे दर्जे लावले आहेत आणि त्यांच्या व्यायामाची व खुराकाची सोयही सांगितली आहे. दर्जावार मल्ल पोसणारे राजघराणे या मातीला नऊशे वर्षांपूर्वीच माहीत होते. पुढे निजामाच्या दरबारचे अली आणि गुलाब हे दोन मल्ल पेशव्यांच्या पुण्यात आव्हान घेऊन आले आणि बाळंभट दादा देवधरांनी ते स्वीकारले, अशी मल्लखांबाच्या उगमाशी जोडलेली परंपरागत कथा आहे. तिच्यातला कुस्तीचा भाग बाजूला ठेवून पाहिले तरी एक गोष्ट दिसते: दरबारी मल्लालाही आपली किंमत सिद्ध करायला दरबार सोडून बाहेर जावे लागे. एकाच हौदात त्याच त्याच जोडीदाराशी खेळून नाव होत नाही. नाव मैदानात होते, आणि मैदान म्हणजे अनोळखी माणसांची गर्दी.

ही गर्दी दरबारात आणण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न शाहू महाराजांनी केला. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी ते विलायतेला गेले. त्या प्रवासात रोममधले जुने प्रेक्षागार पाहून त्यांनी कोल्हापुरात कुस्तीचे मैदान बांधायचे ठरवले असे सांगतात. १९०७ च्या सुमारास काम सुरू झाले आणि १९१२ साली खासबाग मैदान खुले झाले. उद्घाटनाची कुस्ती इमामबक्ष आणि गुलाम मोहिउद्दीन यांच्यात झाली. इमामबक्ष हा नामांकित पैलवान गामाचा धाकटा भाऊ. हे दोघे भाऊ १९१० साली बेंजामिन नावाच्या एका खेळ भरवणाऱ्या माणसाबरोबर लंडनला गेले होते. तिथे इमामबक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला पाडले आणि गामाने पोलंडच्या झबिस्कोला अडीच तासांहून अधिक काळ मातीला, म्हणजे तिथे गादीला, चिकटवून ठेवले. फेरकुस्तीला झबिस्को आलाच नाही आणि अडीचशे पौंडांचे इनाम व पट्टा गामाकडे आला. म्हणजे खासबागच्या पहिल्या कुस्तीत उतरलेला माणूस कुणा एका राजाच्या पदरी वाढलेला असला, तरी तोवर लंडनच्या तिकीटबारीवर आपली किंमत करून आलेला होता. राजाने त्याला बोलावले ते त्याचे बाजारातले नाव ऐकून. आश्रय आणि बाजार या दोन निरनिराळ्या व्यवस्था होत्या असे आपण समजतो. पैलवानाच्या दृष्टीने त्या एकाच वर्षाचे दोन भाग होते. पावसाळ्यात खुराक, उन्हाळ्या-हिवाळ्यात कमाई.

याच १९१२ साली, एप्रिलच्या २० तारखेला, अमेरिकेत बॉस्टनचे फेनवे पार्क हे बेसबॉलचे मैदान सुरू झाले. दोन मैदाने, एक वर्ष. दोन्हीकडे हजारो माणसे बसतील अशी सोय. फरक मालकीचा होता, आणि तो पाहिला की आपला पैलवान कोणत्या जातीचा व्यावसायिक होता ते उलगडते. बेसबॉलच्या संघाला मालक होता. मैदानाला भिंत होती, भिंतीला दार होते, दारावर तिकीट होते. खेळाडूने एकदा करार केला की मालकाने सोडल्याशिवाय त्याला दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. हे कलम १८७९ पासून मोजक्या खेळाडूंना आणि नंतर जवळजवळ सगळ्यांना लावले गेले. १९१२ च्या मे महिन्यात डेट्रॉइटचा नामांकित खेळाडू टाय कॉब याने शिवीगाळ करणाऱ्या प्रेक्षकावर हात टाकला आणि त्याला निलंबित केले गेले, तेव्हा त्याच्या सोबत्यांनी खेळायला नकार दिला. मालकाने दंड टाळण्यासाठी रस्त्यावरून हौशी पोरे गोळा करून संघ उभा केला. तो २४ विरुद्ध २ असा हरला, आणि खेळाडू दंड भरून परत कामावर आले. पगारी नोकराचा हा संप होता. आपल्या पैलवानाला संप करायची गरजच नव्हती. समोरची जोड पसंत नसेल, इनाम कमी वाटले, तर तो हात न मिळवता फडातून बाहेर पडू शकत होता, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावच्या हौदात उभा राहू शकत होता. त्याला कुणी बांधून ठेवले नव्हते. आणि पाय मोडला तर त्याच्याकडे कुणी पाहणारही नव्हते. कॉबला मालक होता म्हणून अपमान होता आणि पगारही होता. पैलवानाच्या वाट्याला यातले काहीच आले नाही. स्वातंत्र्याची ही किंमत आपल्या कुस्तीच्या गौरवगाथांत फारशी मोजली जात नाही.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. कुस्ती ही साधना आहे. तालमीत मारुती असतो, पैलवान ब्रह्मचर्य पाळतो, मातीला नमस्कार करून उतरतो. अशा गोष्टीला धंदा म्हणणे म्हणजे तिचा अपमान करणे नव्हे काय? मला यात विरोध दिसत नाही. पंढरीच्या वाटेवरच्या कीर्तनकाराला बिदागी मिळते म्हणून त्याची भक्ती खोटी ठरत नाही. साधनेमुळे शरीर घडते, आणि घडलेल्या शरीराची किंमत जत्रा देते. पण साधनेची भाषा फक्त श्रद्धेतून येते असेही नाही. ज्या खेळात पैसा शिरतो त्या खेळाला आपल्या निष्पाप जन्माची कहाणी फार हवीशी वाटू लागते, हे जगभर दिसते. बेसबॉलवाल्यांनी १९०५ साली खेळाच्या उगमाचा शोध घ्यायला मिल्स यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. दोन वर्षांनी तिने निकाल दिला की अ‍ॅबनर डबलडे नावाच्या माणसाने १८३९ साली कूपर्सटाउन या खेड्यात हा खेळ शोधला. पुरावा एका वृद्धाच्या आठवणीचा. खेळ प्रत्यक्षात इंग्लंडमधल्या जुन्या चेंडूफळीच्या खेळांतून, शहरांच्या क्लबांतून वाढला होता. डबलडेचा त्याच्याशी संबंध नव्हता. पण तिकिटे विकणाऱ्या धंद्याला कुरणातला जन्म सोयीचा होता. आपल्याकडेही बदामाचे बिल कोण भरते हे विचारण्यापेक्षा हनुमंताचे नाव घेणे सोपे होते. दोन्ही खरी असू शकतात. एकाने दुसऱ्याला झाकू नये इतकेच.

पैसा होता याचा सर्वांत ठाम पुरावा चांगल्या बातमीतून मिळत नाही, तो वाईट बातमीतून मिळतो. नुरा कुस्ती ही तक्रार फडात जुनीच आहे. दोघे आधीच ठरवून येतात, थोडी झटापट करतात, कुस्ती बरोबरीत सोडवून इनाम वाटून घेतात. प्रेक्षक ओरडतात, पंच निकाली कुस्तीचा आग्रह धरतात, निकाल लागेपर्यंत इनाम हाताखाली धरून ठेवतात. ही सगळी खबरदारी कशासाठी? नारळावरच्या कुस्तीत कुणी नुरा करत नाही. ठरवून खेळण्यात फायदा तेव्हाच असतो जेव्हा पुढच्या गावीही कुस्ती खेळायची असते, शरीर जपायचे असते आणि समोरचाही आपल्यासारखाच पोटासाठी फिरणारा असतो. महिन्याभरात चार-पाच जत्रा करणाऱ्या पैलवानाने प्रत्येक ठिकाणी जीव तोडून लढावे ही अपेक्षा फडाभोवती बसलेल्याची. हौदात उतरणाऱ्याचा हिशेब वेगळा. नुरा ही लबाडी आहे, तिचे समर्थन करता येणार नाही, पण ती हौशी माणसाची लबाडी नव्हे. १९१९ च्या जागतिक मालिकेत शिकागोच्या खेळाडूंनी सट्टेबाजांकडून पैसे घेऊन सामने हरल्याचे प्रकरण गाजले आणि कोर्टात सुटूनही आठ जणांना जन्मभरासाठी खेळातून काढले गेले. तिथे शिक्षा करायला वरिष्ठ होता. इथे शिक्षा जत्रेचीच होती: नुरा करणारा म्हणून नाव झाले की पुढच्या वर्षी कुणी जोड लावत नसे. दवंडीपेक्षा वेगाने अशी बातमी गावोगाव पोहोचते.

आणखी एक शंका अशी की यातले बहुतेक पैलवान शेतकरी, धनगर, मजूर होते. वर्षाचा काही भाग मातीत आणि उरलेला शेतात राबणाऱ्याला व्यावसायिक कसे म्हणावे? पण त्या काळातले बेसबॉलचे खेळाडूही हिवाळ्यात शेतावर, दुकानात, कारखान्यात काम करत. बारमाही पगाराचा खेळाडू ही फार पुढची गोष्ट. हंगामी असणे म्हणजे हौशी असणे नव्हे, ऊसतोड मजुराला कुणी हौशी म्हणत नाही. खरे तर या बाबतीत आपल्याला चकवले ते इंग्रजी क्रिकेटने. इंग्लंडमध्ये पैसे न घेणारे ‘जंटलमन’ आणि पैसे घेणारे ‘प्लेअर’ असे दोन वर्ग होते, त्यांचे आपसांत सामने १९६२ पर्यंत चालले, आणि पैसे घेणारा खालचा ही समजूत त्याबरोबर इथे आली. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात मैदानाची निगा राखत आणि साहेबांना चेंडू टाकत पगार मिळवणारे पालवणकर बाळू १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यात हिंदी संघाचे सर्वांत यशस्वी गोलंदाज ठरले. चांभार जातीत जन्मलेल्या या माणसाला हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद मात्र कधी मिळाले नाही. कुस्तीचा फड या बाबतीत किती वेगळा होता? लंगोट लावला की जात गळते असे म्हणतात. हिंदू-मुसलमान जोडी लागणे खरोखर नेहमीचे होते, आणि वस्ताद मुसलमान व पठ्ठा मराठा हे चित्र मराठवाड्यात नवल नव्हते. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या बाबतीत मात्र तो उदारपणा सगळीकडे पोहोचला असे म्हणायला माझी जीभ धजत नाही. वर्गणीचा पैसा गावाचा, आणि गाव म्हणजे कोण हे गावकीने ठरवलेले. बाजाराने पोसलेला खेळ आपोआप समतेचा होत नाही.

निजामी राज्याबद्दलचा आक्षेप थोडक्यात निकालात काढता येतो. तिथे आखाड्यांवर बंधने होती, मग धंदा कसा वाढेल? बंधने होती हे खरे. आखाडा काढायला परवानगी लागे, आणि १९३८-३९ च्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात ज्या तक्रारी मांडल्या गेल्या त्यांत आखाड्यांवरची बंधने हीही एक होती. पण सरकार ज्या गोष्टीला परवाना लावते ती गोष्ट आधी भरपूर प्रमाणात अस्तित्वात असावी लागते. रिकाम्या जागेवर कुणी पहारा बसवत नाही. शिवाय परवान्याचा जाच तालमीला होता, जत्रेच्या फडाला तितकासा नव्हता, कारण फड एका दिवसाचा आणि देवाच्या नावाचा. सेनगावच्या बाजूच्या पोराला तालीम वऱ्हाडात करून कुस्ती निजामीत खेळता येत होती. सरहद्द इतकी जवळ असल्याचा तो एक फायदा.

मग या धंद्यातून बेसबॉलसारखी मोठी संघटना का उभी राहिली नाही? लोक सांगतात तशी कारणे, गरिबी, गुलामगिरी, शिस्तीचा अभाव, मला पुरेशी वाटत नाहीत. फडाला भिंत नव्हती हे मुख्य कारण. ज्या खेळाला कुणीही उभे राहून पाहू शकतो त्याच्या दारावर कुणाला बसता येत नाही, आणि दारावर बसता न आल्याने नफा साठत नाही. जत्रेची वर्गणी त्या जत्रेतच संपवायची असते. उरलेच तर देवळाच्या कळसाला. पुढच्या वर्षीसाठी, जखमी पैलवानासाठी, तालमीच्या छपरासाठी पैसा मागे ठेवणारी पेटी या व्यवस्थेत नव्हती. आणि पैलवान एकेकटा होता. गावाला हार-जीत आपली वाटे, पण संघ नसल्याने पैलवान गावाच्या मालकीचा होत नसे. या दोन गोष्टींमुळे जत्रेच्या कुस्तीला दुष्काळ, प्लेग, रझाकार, राज्यबदल असे सगळे झेलून पुन्हा पुन्हा उगवता आले, आणि त्याच दोन गोष्टींमुळे ती वाढली नाही. १९५३ साली राज्याची कुस्तीगीर परिषद निघाली, १९६१ साली पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मराठवाड्यातच, औरंगाबादला झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले, तेव्हा कुठे एका वर्षाच्या टोकाला एक नाव लिहिण्याची पद्धत पडली.

राजाश्रय की वर्गणी, हा वाद एका माणसाच्या बाबतीत तर प्रत्यक्ष प्रयोगासारखा तपासून पाहता येतो. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा त्यांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला, आणि ते सहावे आले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५२ च्या हेलसिंकीसाठी राजा उरला नव्हता. खाशाबांनी गावोगाव फिरून लोकांकडून पैसे गोळा केले. कमी पडले तेव्हा ते ज्या राजाराम कॉलेजात शिकले तिथल्या प्राचार्यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्या प्रवासातून आले. परत आल्यावर प्राचार्यांचे घर सोडवायचे होते. त्यासाठी खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः खेळले आणि जमलेला पैसा कर्जफेडीला दिला.